तेमुजिनऐवजी जमुखाने मंगोल टोळ्या एक केल्या असत्या तर?

कुरणवाटा

चंगीझखानाचा विषय निघाला की आपण सगळे थेट १२०६ पासून सुरुवात करतो. ओनोन नदीकाठचा कुरुलताई (टोळ्यांची सभा), नऊ शेपट्यांचं पांढरं निशाण आणि मग चीन, मध्य आशियातलं ख्वारझम, रशिया असं धडाधड. मला त्याच्या आधीची वीसेक वर्षं जास्त ओढतात, कारण तेव्हा तेमुजिन, म्हणजे पुढचा चंगीझखान, हा त्या गवताळ पठारांवरचा एकटा दावेदार नव्हता, आणि बराच काळ तर पहिल्या नंबरचाही नव्हता. त्याच्यापुढे होता जमुखा, त्याचा अंदा, म्हणजे शपथ घेऊन मानलेला भाऊ.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोघं लहानपणी गोठलेल्या ओनोनवर खेळायचे, एकदा खेळायची हाडं आणि एकदा बाण एकमेकांना देऊन त्यांनी भावाची शपथ घेतली. पुढे मर्किट टोळीने तेमुजिनच्या बायकोला, बोर्तेला, पळवून नेलं तेव्हा तिला सोडवायला केराइट टोळीचा तोघरुल खान आणि जमुखा फौजा घेऊन आले, आणि कुठून जायचं, नदी कशी ओलांडायची, कुठे भेटायचं हे सगळं जमुखाने ठरवलं होतं. तेमुजिनकडे तेव्हा होतं काय, भाऊ, चार मित्र आणि बापाचं नाव. त्यानंतर दीडेक वर्ष दोघांचे तळ एकत्र होते, आणि मग एका मुक्कामाच्या वाटेवर जे फाटलं ते परत कधी सांधलं नाही. ११८७ च्या आसपास दालान बालजुतला जमुखाने तेमुजिनचा पराभव केला. १२०१ मध्ये एर्गुने नदीकाठी टोळ्यांनी जमुखाला गुरखान, म्हणजे सगळ्यांवरचा खान, निवडलं, घोडा आणि घोडी कापून शपथा झाल्या, त्यात तातार, मर्किट, नायमन, ताइचिउद, ओइरात होतेच पण बोर्तेच्या माहेरचे ओंगिराटसुद्धा होते! म्हणजे कागदावर बघितलं तर १२०१ ला अर्ध्याहून जास्त स्टेप, म्हणजे ते गवताळ पठार, जमुखाच्या मागे उभी होती.

तर प्रश्न असा, की गुरखान झाल्यावर कोयितेनला तेमुजिन आणि तोघरुलशी जी लढाई झाली तिथे वादळ जमुखाच्याच फौजेवर उलटलं नसतं, किंवा त्याच्याही आधी दालान बालजुतनंतर तेमुजिन ओनोनच्या खिंडीत जाऊन लपला तिथून जमुखा पाठलाग सोडून परत फिरला नसता, तर? माझं मत आहे की जमुखाला एकी जमली असती, फक्त ती वेगळ्या जातीची असती, टोळ्या जागच्या जागी, त्यांचे सरदार जागच्या जागी आणि वर एक गुरखान. चीनच्या सरहद्दीवर स्वाऱ्या झाल्या असत्या, लूट झाली असती, पण समरकंद, बुखारा, बगदाद वाचलं असतं. तुम्हाला काय वाटतं? आणि इतिहास फिरायचा असता तर नेमका कुठल्या वळणावर?


उंबरठा

नसतं जमलं. तुमच्याच पोस्टमधल्या दोन तारखा बघा, दालान बालजुत ११८७ आणि गुरखानपद १२०१. मधली चौदा वर्षं जमुखा काय करत होता? तेमुजिन त्या पराभवानंतर जवळजवळ दशकभर साधनांमधून गायब आहे, ११९६ ला उत्तर चीनच्या जिन साम्राज्याच्या तातारांवरच्या मोहिमेच्या वेळी एकदम परत दिसतो, काही इतिहासकारांचा तर अंदाज आहे की मधला काळ तो जिन राज्याच्या आश्रयाला होता. म्हणजे मैदान मोकळं, प्रतिस्पर्धी पळालेला, लढाई जिंकलेली, आणि तरी जमुखाने टोळ्या एक केल्या नाहीत. ज्याला मोकळ्या मैदानात जमलं नाही त्याला एक लढाई जास्त जिंकून कसं जमणार होतं?

उलट काय झालं ते बघा. दालान बालजुत जिंकल्यावर त्याने पकडलेल्या चिनोस लोकांना सत्तर कढयांत उकळून मारलं, एका सरदाराचं मुंडकं घोड्याच्या शेपटीला बांधून नेलं, आणि हे बघून उरूउतांचा जुर्चेदेइ आणि मांघुतांचा कुयिलदार आपापली माणसं घेऊन जिंकलेल्याला सोडून हरलेल्याकडे गेले. हे दोन गट म्हणजे पुढे तेमुजिनच्या फौजेची पहिली फळी. लढाई जिंकून सैन्य कमी झालेला नेता मला तरी इतिहासात फार आठवत नाही.

आणि कोयितेन. नायमनांचा बुयिरुक खान आणि ओइरातांचा कुदुका बेकी यांनी मंत्र टाकून वादळ आणलं आणि ते त्यांच्यावरच उलटलं असं वर्णन आहे, ते सोडा. वादळानंतर काय झालं ते महत्त्वाचं. आघाडी फुटली, प्रत्येक टोळी आपापल्या घराकडे निघाली, आणि जमुखाने परतीच्या वाटेवर त्याच लोकांना लुटलं ज्यांनी त्याला गुरखान केलं होतं!! याच्यावर वेगळं बोलायची गरजच नाही. ती आघाडी जमुखाच्या बाजूची नव्हती, तेमुजिनच्या विरोधातली होती, तेमुजिन मेला असता तर दुसऱ्या दिवशी तिचं कामच संपलं असतं.

याच्यासमोर तेमुजिनने १२०२ ला काय केलं ते ठेवा. तातारांवर जाण्याआधी त्याने हुकूम काढला की लढाई चालू असताना कोणी लुटीला हात लावायचा नाही, पूर्ण जिंकल्यावर सगळी लूट एकत्र करून वाटायची. दिसायला साधा नियम आहे पण त्याने सरदारांच्या हातातली सगळ्यात मोठी ताकद काढून घेतली, कारण टोळीचा माणूस आपल्या सरदाराच्या मागे जातो तो लुटीतला वाटा सरदार देतो म्हणून. तो वाटा खानाकडून यायला लागला की सरदार कशाला पाहिजे. जमुखाच्या डोक्यात असं काही होतं याचा एकही पुरावा नाही.


कुरणवाटा

उंबरठा, मुद्दे दणकट आहेत, पण दोन गोष्टी.

एक म्हणजे हे सगळं आपल्याला कुठून कळतं? मंगोलांच्या गुप्त इतिहासातून, जो चंगीझच्याच घराण्याच्या सावलीत लिहिला गेला. सत्तर कढयांची गोष्ट तिथली. इराणवर राज्य करणाऱ्या मंगोल इल्खानांच्या दरबारात लिहिणारा रशीदुद्दीन हीच लढाई सांगतो तेव्हा तो म्हणतो तेमुजिन जिंकला आणि कढयांत माणसं उकळणारा तेमुजिनच होता! आता यातलं खरं कुठलं हे इथे बसून ठरणार नाही, पण जमुखा क्रूर म्हणून माणसं सुटली आणि तेमुजिन न्यायी म्हणून आली ही मांडणी जिंकलेल्या घराला किती सोयीची आहे हे तरी लक्षात घ्या. जमुखाच्या बाजूने लिहिणारा कोणी उरलाच नाही.

दुसरं, तेमुजिनची सुरुवातही अगदी तशीच झाली. दालान बालजुतच्या आधी त्याला पहिल्यांदा खान केलं ते कोणी? अल्तान, कुचार, साचा बेकी, म्हणजे घराण्यातल्याच वरचढ मंडळींनी, आणि त्यांना वाटत होतं हा पोरगा आपल्या ऐकण्यातला राहील. पुढे १२०२ चा लुटीचा नियम मोडला तो याच अल्तान आणि कुचारने, तेमुजिनने त्यांच्याकडून लूट काढून घेतली आणि ते रागाने पलीकडे जाऊन मिळाले. म्हणजे सरदारांनी निवडलेला खान सरदारांना कसा झुगारतो हे तेमुजिन करत करत शिकला, त्याला पंधरा वर्षं लागली. जमुखाला तेवढी वर्षं मिळालीच नाहीत. १२०१ चा जमुखा आणि १२०६ चा तेमुजिन यांची तुलना मला बरोबर वाटत नाही, तुलना करायची तर पहिल्या निवडणुकीच्या तेमुजिनशी करा.

आणि माणूस म्हणून जमुखा कमी नव्हता. बोर्तेच्या सुटकेच्या वेळी तोघरुल ठरलेल्या जागी तीन दिवस उशिरा आला तेव्हा त्याच्यापेक्षा वयाने कितीतरी लहान असलेल्या जमुखाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, की बर्फ असो पाऊस असो, मंगोल माणूस दिलेल्या वेळेला येतो. शिस्तीची जाण नसलेला माणूस असं बोलत नाही.


पागा

मी जरा गवताच्या बाजूने बोलतो, कारण माणसांच्या स्वभावावरून हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही.

मध्य मंगोलियातल्या जुन्या झाडांच्या वाढीच्या कड्या मोजून तिथल्या पावसाचा हिशोब लावलेला आहे, २०१४ मध्ये ते संशोधन आलं. त्यात दोन गोष्टी ठळक दिसतात. ११८० च्या दशकात कडक दुष्काळ, आणि १२११ ते १२२५ सलग पंधरा वर्षं नेहमीपेक्षा जास्त ओल, अकराशे वर्षांच्या नोंदीत असा काळ दुसरा नाही. आता उंबरठा विचारतायत ना की ११८७ नंतर मोकळ्या मैदानात जमुखाने काय केलं, तर त्याचं एक उत्तर इथे आहे. दुष्काळात मोठा तळ एका जागी ठेवता येत नाही. मेंढ्या गवत मुळापर्यंत खातात, घोड्यांना रोज नवीन कुरण लागतं, हजारो माणसं एकत्र आली की चार दिवसांत आसपासचं सगळं संपतं आणि मग टोळ्या फुटतात, कोणाचं ऐकायचं नाही म्हणून नाही तर जनावरं मरतील म्हणून. त्या दशकात कोणालाच एकी टिकवता आली नसती, खुद्द तेमुजिनलाही आली नाही.

जमुखा आणि तेमुजिन वेगळे झाले तो प्रसंगही गवताचाच आहे बघा. जमुखा म्हणाला डोंगराजवळ तळ टाकला तर घोडेवाल्यांना सोयीचं, ओढ्याजवळ टाकला तर मेंढ्यावाल्यांना सोयीचं. तेमुजिनला काही उमगलं नाही, तो आईकडे, होएलुनकडे गेला, ती काही बोलायच्या आत बोर्ते म्हणाली की याला आपला कंटाळा आलाय, रात्रीतच निघूया. यावरून बार्टोल्डसारख्या रशियन अभ्यासकांनी मोठा सिद्धांत उभा केला, की घोडेवाले म्हणजे श्रीमंत उमराव तेमुजिनच्या बाजूचे आणि मेंढ्यावाले म्हणजे गरीब सामान्य लोक जमुखाच्या बाजूचे. मला तो पटत नाही, कारण नंतर तेमुजिनकडे गेलेली माणसं बघितली तर लोहाराची पोरं, वंशपरंपरागत चाकर, घोडेराखे असेच जास्त आहेत.

पण माझा खरा पॉइंट वेगळा आहे. समजा जमुखा किंवा आणखी कोणी १२०६ च्या सुमारास वर आला. पाच वर्षांत गवत असं काही वाढणार आहे की घोड्यांना तोटा नाही. एकेका स्वाराबरोबर तीन-चार बदली घोडे. एवढी मोठी घोडदळाची ताकद आणि मागे खूश ठेवायचे डझनभर सरदार, मग ती ताकद जाणार कुठे? दक्षिणेलाच. जिन साम्राज्यावर स्वारी झालीच असती, खान कोणीही असो. कुरणवाटा म्हणतात तशी ढिली एकी असती तर उलट लवकर झाली असती, कारण ढिल्या एकीत सरदारांना सांभाळायला रेशीम, धान्य, लोखंड सतत बाहेरून आणावं लागतं.

फक्त शहरं पडली नसती. तेमुजिनसारख्यालाही सुरुवातीला ते जमत नव्हतं, १२०९ ला चीनच्या वायव्येकडच्या तांगुत राज्याच्या राजधानीला वेढा घातला, पीत नदीचं पाणी शहरात सोडायचा प्रयत्न केला आणि बांध फुटून पाणी मंगोलांच्याच तळात शिरलं. मग पुढे झोंगदू, म्हणजे आजचं बीजिंग, १२१५ ला पडलं ते कशामुळे, तर जिनांच्या ताब्यातले खितान लोक फितले, यल्यू लिउगेने मांचुरियात १२१२ ला बंड केलं, चिनी अधिकारी आणि कारागीर इकडे आले, आणि वेढा महिनोन्महिने चालवायची तयारी होती. फितून आलेल्या परक्या माणसाला आपल्या टोळीच्या सरदाराच्या वर बसवायची तयारी पाहिजे त्याला. जमुखाच्या आघाडीत ते शक्यच नव्हतं, कुठला सरदार खपवून घेणार?


तूलकाठ

जमुखा विरुद्ध तेमुजिन ही जोडी गोष्ट म्हणून इतकी भारी आहे की आपण सगळे तिसऱ्या माणसाला विसरतो. तोघरुल! तूल नदीच्या काळ्या जंगलातला केराइटांचा खान. ११९६ ला जिनांनी त्याला वांग म्हणजे राजा ही पदवी दिली आणि त्याच मोहिमेसाठी तेमुजिनला एक किरकोळ सरहद्दीवरची पदवी, म्हणजे जिनांच्या नजरेत कोण मोठा होता ते स्पष्ट आहे. तेमुजिन त्याला बाप म्हणायचा कारण येसुगेइ, तेमुजिनचा खरा बाप, तोघरुलचा अंदा होता. आणि जमुखा कोयितेननंतर गेला कुठे, तोघरुलकडेच.

माझ्या मते इतिहास फिरू शकला असता ते वळण १२०३ चं आहे, आणि ते इतकं बारीक आहे की वाचताना अंगावर काटा येतो. तेमुजिनने आपल्या थोरल्या मुलासाठी, जोचीसाठी, तोघरुलच्या घरची मुलगी मागितली होती. तोघरुलचा मुलगा सेंगुम याने अपमान करून नकार दिला, आणि मग एकदम निरोप पाठवला की ठीक आहे, सोयरीक मंजूर, जेवायला या. बेत होता तिथे पकडायचा. तेमुजिन निघालासुद्धा होता, वाटेत मोंगलिक या घरच्या जुन्या माणसाने अडवलं. बेत फसला म्हटल्यावर केराइटांनी ठरवलं की उद्या पहाटे जाऊन घेरूया, आणि ही गोष्ट एका सरदाराने घरी बायकोजवळ काढली, आणि ती ऐकली दूध द्यायला गेलेल्या बादाइ नावाच्या घोडेराख्याने, त्याने ती किशिलिक या दुसऱ्या घोडेराख्याला सांगितली. दोघे रात्रीतून घोडे मारत गेले आणि तेमुजिनला उठवलं. १२०६ ला या दोघांना त्याने मोठा मान दिला, साध्या चाकरीतली माणसं होती ती. समजा त्या संध्याकाळी दूध द्यायला दुसरंच कोणी तंबूपाशी गेलं असतं?

बरं, सावध होऊनही कलाकलजितच्या वाळूत तेमुजिनचे हालच झाले. त्याचा मुलगा ओगेदेइ याच्या मानेत बाण लागला, कुयिलदार जखमी झाला आणि पुढे त्यातच गेला. केराइट थांबले कशामुळे, तर जुर्चेदेइचा बाण सेंगुमच्या गालात लागला आणि सगळे त्याच्याभोवती जमा झाले. दिवस मावळला. त्यानंतर तेमुजिन बालजुनाच्या चिखलाच्या पाण्यावर मूठभर सोबत्यांना घेऊन शपथा घेत होता, त्या क्षणी त्याच्याकडे साम्राज्य वगैरे काही नाही, घोडेही धड नाहीत. काही महिन्यांत त्याने उलटून केराइटांच्या मेजवानीवर छापा घातला, तीन दिवस लढाई चालली आणि केराइट संपले.

तो एक बाण चुकला असता तर स्टेपचा मालक वांग खान झाला असता, आणि हे राज्य दिसायलाच वेगळं असतं. केराइट नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका पंथाचे, ख्रिश्चन होते. युरोपात प्रेस्टर जॉन नावाच्या पूर्वेकडच्या ख्रिश्चन राजाची जी आख्यायिका होती ती मार्को पोलो थेट याच तोघरुलला लावतो. आणि गंमत नाही, खरंच विचार करायला लावणारी गोष्ट आहे की केराइट हरूनही शेवटी राज्यावर आलेच, बायकांच्या बाजूने. तोघरुलची पुतणी सोर्कोक्तानी बेकी म्हणजे मोंके, कुबलाइ आणि हुलागू यांची आई. हुलागूची बायको दोकूझ खातून ही तोघरुलची नात, १२५८ ला बगदादमध्ये ख्रिश्चनांना वाचवलं ते तिच्या शब्दामुळे असं सांगतात.


गोदातीर

सगळे चीनकडेच बघतायत म्हणून दक्षिणेची बाजू मांडतो. कुरणवाटा यांनी समरकंद बुखारा वाचलं असतं असं लिहिलंय, म्हणजेच ख्वारझम वाचलं असतं, आणि ही बातमी दिल्लीसाठी चांगली नव्हती.

ख्वारझमशहा अलाउद्दीन मुहम्मद याने १२१५ ला गझनी घेतली होती. म्हणजे घोरी घराण्याचा सगळा वारसा तो एकेक करून गिळत चालला होता, आणि दिल्लीचा इल्तुत्मिश हा त्याच वारशाचा एक तुकडा. इल्तुत्मिशचं आसन तेव्हा स्थिर नव्हतं, एकीकडे यिल्दिझ, दुसरीकडे सिंधमध्ये कुबाचा हे प्रतिस्पर्धी सरदार. १२१८ ला ख्वारझमच्या ओत्रार शहराच्या सुभेदाराने मंगोलांचा साडेचारशे व्यापाऱ्यांचा तांडा मारला नसता, किंवा मारूनही पूर्वेला बदला घेणारा कोणी नसता, तर ख्वारझमचं पुढचं पाऊल पंजाबातच पडलं असतं असं मला पक्कं वाटतं. प्रत्यक्षात १२२१ ला शहाचा मुलगा जलालुद्दीन हरून सिंधू नदीत घोडा घालून इकडे आला आणि इल्तुत्मिशने त्याला आश्रय नाकारला. मंगोलांमुळे मध्य आशियातले लढवय्ये, विद्वान, कारागीर पळून दिल्लीत आले, आणि वरून कोणी मालकी सांगणारा उरला नाही, दिल्ली स्वतंत्र झाली ती अशी.

महाराष्ट्राशी संबंध दूरचा आहे पण खरा आहे. देवगिरीला तेव्हा सिंघण यादव होता, यादवांचा सगळ्यात भरभराटीचा काळ. पुढे अलाउद्दीन खिलजीने १२९६ ला देवगिरी लुटली आणि त्या पैशावर दिल्लीचं तख्त घेतलं, मग १२९९ आणि १३०३ ला मंगोल थेट दिल्लीपर्यंत आले, त्यांना तोंड द्यायला त्याने मोठी पगारी फौज ठेवली, ती परवडावी म्हणून बाजारभाव बांधले, आणि खंडणी थकली म्हणून मलिक काफूरला देवगिरीवर पाठवलं. ही साखळी जमुखाच्या जगात अशी बसत नाही. उत्तरेत ख्वारझमी साम्राज्य असतं तर यादवांवर स्वारी लवकर आली असती की आलीच नसती हे मी सांगू शकत नाही, पण दिल्लीची सत्ता इतकी मजबूत झाली नसती एवढं नक्की.


उंबरठा

गोदातीर, हा भाग आवडला, याच्यावर वेगळा धागा काढाच.

तूलकाठ, १२०३ चं वळण मान्य, तिथे तेमुजिन संपू शकत होता. पण तोघरुलने एकी केली असती हे कसं? त्याचं स्वतःचं घर बघा. त्याने भावांना मारून गादी घेतली, काकाने हाकललं, येसुगेइने परत बसवलं, मग एका भावाने नायमनांच्या मदतीने हाकललं, तो पश्चिमेच्या कारा खिताइ राज्यापर्यंत भटकून फाटक्या अवस्थेत परत आला आणि तेमुजिनने त्याला सावरलं. १२०३ ला म्हातारा झालेला, आणि मागे सेंगुम, ज्याच्यावर बापाचाही भरवसा नव्हता. सगळा खेळ म्हातारा असेपर्यंतचा.

आणि जमुखाबद्दल अजून एक गोष्ट कोणी काढली नाही म्हणून काढतो. तो तेमुजिनच्या बोर्जिगिन कुळातला नव्हता. त्याचा मूळपुरुष म्हणजे बोर्जिगिनांचा पूर्वज बोदोनचार याने पकडून आणलेल्या गरोदर बाईचा मुलगा, बाप परका. स्टेपवर हे कोणी विसरत नव्हतं. काबुल खान, अंबाघाइ खान, कुतुला खान ही जुन्या मंगोल खानांची नावं लोकांच्या तोंडी होती आणि तेमुजिन थेट काबुल खानाचा पणतू. कोरची नावाचा बारिनांचा माणूस जमुखाचा नातलग असून तेमुजिनकडे आला तो हेच सांगत, की आकाश आणि धरती यांनी ठरवलंय, राजा तेमुजिनच. जमुखाला हे असलं काही मिळालं नाही.


कुरणवाटा

उंबरठा, कुळाचा मुद्दा मोठा आहे, पण त्याच कुळातले ताइचिउद, ज्यांनी येसुगेइ मेल्यावर होएलुनला पोरांसकट उघड्यावर टाकलं, ते १२०१ ला जमुखाला गुरखान करायला पुढे होते. रक्ताने सगळं ठरत असतं तर हे झालं नसतं.

सगळं वाचून मी माझी टाइमलाइन जास्त नीट मांडतो. कोयितेननंतर तेमुजिन ताइचिउदांच्या मागे गेला तेव्हा त्याच्या मानेत बाण लागला होता, त्याचा सोबती जेल्मे याने रात्रभर रक्त चोखून काढलं, शत्रूच्या तळात उघड्या अंगाने जाऊन त्याच्यासाठी दही चोरून आणलं. समजा जेल्मे त्या रात्री जवळ नव्हता आणि तेमुजिन पहाटेपर्यंत गेला. बोर्ते चार मुलांना घेऊन मागे राहिली, त्यातला तोलुइ तर अजून लहानच. कासार हा भाऊ आहे पण खान होण्याइतका आधार त्याला नाही. ते सगळे तोघरुलकडे जाणार, दुसरीकडे जागाच नाही. जमुखा पूर्वेला, केर्लेन आणि एर्गुनेच्या बाजूला, तातार आणि ओंगिराटांचा खान म्हणून उरतो. मध्ये तोघरुल. पश्चिमेला अल्ताइपाशी नायमन. तीन सत्ता, आणि १२०६ ला कुठलाही कुरुलताई नाही. जिन लोक तेच करणार जे ते आधी करत आले होते, एकाला पदवी द्यायची, दुसऱ्यावर सोडायचं, जिंकलेला मोठा झाला की त्याच्यावर तिसरा. अंबाघाइ खानाला तातारांकडून पकडवून त्यांनीच लाकडी गाढवावर खिळे ठोकून मारलं होतं.

या तिघांत मी अजूनही जमुखावर पैज लावीन. तोघरुल मेल्यावर केराइट फुटणार, आणि ते फुटले की सगळ्यात जवळ आणि सगळ्यात हुशार तोच आहे. फक्त तोवर १२१० उजाडलेलं असेल आणि पागा म्हणतात ते हिरवं गवत पायाखाली असेल. एकटा माणूस होता तो, आईबाप लहानपणीच गेलेले, भाऊ नाही, शेवटी पाच सोबत्यांनीच पकडून तेमुजिनच्या हवाली केला, आणि तेमुजिनने आधी त्या पाच जणांना मारलं कारण मालकाला धरून देणाऱ्याला जवळ कोण ठेवणार. मैत्रीची पुन्हा ऑफर असताना जमुखाने स्वतः मरण मागितलं, रक्त न सांडता. हे वाचून मला दरवेळी वाटतं की या माणसाला हरवणारी गोष्ट त्याच्या डोक्यात नव्हती, त्याच्या घरात होती. बोर्ते आणि होएलुनसारख्या दोन बायका त्याच्या तंबूत असत्या तर कदाचित हा धागा तेमुजिनच्या नावाने निघाला असता.


तूलकाठ

तीन सत्तांचं चित्र पटलं, पण मग माझी पैज बदलून नायमनांवर. तायांग खान स्वतः भित्रा होता, १२०४ ला चाकिरमाउतला जमुखाने त्याला तेमुजिनच्या चार सेनापतींचं असं वर्णन ऐकवलं की तो डोंगरावर सरकत सरकत वर गेला, आणि मग जमुखाच त्याला सोडून निघून गेला. पण तायांग हा काही कायमचा नव्हता. त्याचा मुलगा कुचलुग बघा, बापाचं राज्य बुडाल्यावर पळत कारा खिताइला गेला, तिथल्या गुरखानाचा जावई झाला आणि १२११ ला सासऱ्याचंच राज्य ताब्यात घेतलं. धर्माच्या बाबतीत मूर्खपणा केला, मुसलमान प्रजा उलटली आणि १२१८ ला चंगीझचा सेनापती जेबे याने त्याला संपवला, पण परक्या देशात एकट्याने गादी मिळवणारा हा माणूस आपल्या स्वतःच्या देशात, स्वतःच्या फौजेसह असता तर काय केलं असतं?

शिवाय नायमनांकडे लिहिणारी माणसं होती. तातातुंगा नावाचा उइघुर त्यांच्याकडे राजमुद्रा सांभाळायचा, लढाई हरल्यावरही ती मुद्रा छातीशी धरून पळत होता, तेमुजिनने त्याला पकडून विचारलं हे काय आहे, आणि मग त्यालाच आपल्या मुलांना लिपी शिकवायला ठेवलं. म्हणजे मंगोल दरबाराचं लिहिणं-वाचणं नायमनांकडून आलेलं आहे. जमुखाकडे हुशारी होती, तोघरुलकडे पदवी होती, पण हुकूम लिहून पाठवायची आणि कोणाला किती दिलं याची नोंद ठेवायची सोय या तिघांत फक्त नायमनांकडे होती. एवढा मोठा मुलूख एकत्र ठेवायचा तर मला ती सगळ्यात जास्त वजनाची गोष्ट वाटते.


पागा

लिपीचा मुद्दा बरोबर, पण नायमनांचा भूगोल अडचणीचा आहे. अल्ताइपासून जिन सरहद्द फार लांब, मध्ये ओंगुत. जिनांची सरहद्दीची भिंत राखायला हेच ओंगुत होते. १२०४ ला तायांगने ओंगुतांच्या अलाकुशला निरोप पाठवला की पूर्वेकडचे हे मंगोल संपवूया, तू दक्षिणेकडून ये, आणि अलाकुशने तो निरोप जसाच्या तसा तेमुजिनला कळवला. कुचलुग कितीही हुशार असला तरी त्याला पश्चिमेला, कारा खिताइ आणि उइघुरांच्या शहरांकडेच जाणं सोपं होतं, आणि तिकडे गेला की तो ख्वारझमशहाच्या समोर येतो, गोदातीर म्हणतायत त्याच माणसाच्या. जिनांवर जायचं तर ओंगुत आपल्या बाजूला पाहिजेत, आणि त्यांच्या शेजारी पूर्वेला जमुखाचे ओंगिराट. म्हणून चीनच्या बाजूने बघितलं तर कुरणवाटा यांचाच उमेदवार जवळचा. अलाकुश जमुखाच्या बाजूला आला असता का, हे कोणी सांगू शकेल का? माझ्या मते सगळं त्याच्यावर अडतं.